मुखपृष्ठांचा ठेवा
(भोकर येथे ग्रंथालय कार्यकर्ते, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



दिवाळी सरली की अंक माळ्यावर जातात आणि पुढच्या साफसफाईत रद्दीवाल्याच्या तराजूत पडतात. त्या गठ्ठ्याबरोबर मराठी चित्रकलेचा एक मोठा भागही किलोच्या भावाने निघून जातो, याची जाणीव फारच थोड्यांना असते.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मासिक मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक परंपरा सुरू झाली. १९२० साली किर्लोस्करवाडीहून निघालेल्या मासिकाचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार होते. पुढे १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिके आली. दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केला. दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची चित्रे मुखपृष्ठांवरून घरोघर पोहोचली. मुंबईतील चित्रप्रदर्शन पाहणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांना अंकाच्या किमतीत चित्र मिळाले.

ते छापणे सोपे नव्हते. मूळ चित्रातील रंग वेगळे करून प्रत्येक रंगाचा धातूचा ठसा तयार करावा लागे आणि तोच कागद यंत्राखालून पुनःपुन्हा जाई. ठसा केसभर सरकला तरी चित्र बिघडे. म्हणून जुने मुखपृष्ठ हे चित्रकाराइतकेच ठसेकाराच्या व मुद्रकाराच्या कौशल्याचेही साक्षीदार आहे.

मराठवाड्याला या ठेव्याचे मोल अधिक आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राजवटीत होता व उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. त्या काळी पुण्यामुंबईहून आलेला मराठी अंक म्हणजे केवळ करमणूक नव्हती. तो भाषेचा धागा होता. असा एखादा अंक भोकर परिसरातील जुन्या घराच्या पेटीत आजही असेल, तर तो गावाच्या इतिहासाचा कागद आहे.

दुर्दैवाने हानी कधी कधी जपणुकीच्या नावाखालीच होते. वर्षाचे अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठे व जाहिराती काढून टाकण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. मजकूर उरतो, परंतु चित्रकाराची सही, किंमत आणि त्या काळाचा चेहरा नाहीसा होतो.

यासाठी फार पैसा लागत नाही. बांधणीस देताना मुखपृष्ठे राखण्याची लेखी सूचना द्यावी. निर्लेखनाच्या यादीत जुनी मासिके घालण्यापूर्वी ती एकदा उघडून पाहावीत. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये. तिचा डाग कायमचा राहतो. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात. अंक आडवे, कोरड्या जागी, भिंतीपासून दूर ठेवावेत आणि पावसाळ्यानंतर तपासावेत. नोंदवहीत मासिकाचे नाव, महिना, वर्ष, चित्रकार, मुद्रणालय आणि अंक देणाऱ्याचे नाव लिहावे.

शिक्षकांनी मुलांना घरातील जुने अंक शोधावयास सांगावे. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी शाळेत त्यांचे प्रदर्शन भरविता येईल. ज्यांना अंक द्यावयाचा नसेल, त्यांच्या मुखपृष्ठाचे छायाचित्र घ्यावे व अंक सन्मानाने परत करावा. पंचायतीने एक कपाट दिले तरी कामाचा आरंभ होईल.

रद्दीच्या पैशांत एखाद्या दिवसाची भाजी येते. गेलेला अंक मात्र पुन्हा येत नाही. येत्या दिवाळीची साफसफाई सुरू होण्यापूर्वी प्रत्येक घराने एकदा माळ्यावर चढून पाहावे, एवढीच विनंती.