हजार प्रश्नांचा अर्ज

गरजूला मदत देण्याचा कायदा असला, तरी ती मागण्याचा अर्जच पर्वताएवढा असेल तर काय उपयोग? अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत असेंच झालें होतें. अन्न, औषधोपचार किंवा मुलांच्या सांभाळासाठीं सरकारी साहाय्य हवें असेल, तर चाळीसांहून अधिक पानांचा, हजारांवर प्रश्नांचा अर्ज भरावा लागे. मूल कोणत्या दिवशीं गर्भांत राहिलें, हेंहि त्यांत विचारलेलें असे!

डेट्रॉइट येथें २०१५ सालीं स्थापन झालेल्या ‘सिव्हिला’ या संस्थेनें हें काम सरकारच्या सहकार्यानें हातीं घेतलें. तिच्या कार्यकर्त्यांनीं अर्जदारांशेजारीं बसून त्यांची लेखणी कोठें अडखळते तें पाहिलें. अर्ज तपासणाऱ्या कारकुनांच्या अडचणीहि ऐकल्या. मग एकेक प्रश्न कसोटीला लावला : कायद्याला याचें उत्तर खरोखर हवें आहे काय? जे टिकले नाहींत ते गळले; उरलेले सोप्या भाषेंत मांडले. २०१८ मध्यें राज्यभर लागू झालेला नवा अर्ज पूर्वीपेक्षां सुमारें ८० टक्क्यांनीं लहान होता. त्यानें अर्जदाराचा ताण उतरला, कारकुनाचेंहि काम हलकें झालें.

दारीं आलेल्या तहानलेल्याला आधीं पाणी द्यावें, चौकशी मग करावी व तीहि मोजकी, हा आपल्या घरांतला शिष्टाचार. तो कचेरींतहि शोभून दिसेल.