छातीचा मुका मार आणि आपली जबाबदारी



कर्नाटकातल्या कबिनी नदीच्या परिसरातील एच. डी. कोट्यात स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. 1984 मध्ये म्हैसूरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी स्वामी विवेकानंद युथ मूव्हमेंट स्थापन केली आणि याच भागातल्या आदिवासींमध्ये आरोग्यसेवा उभारली. म्हणून ग्रामीण डॉक्टरांच्या परिषदेला ही जागा मोलाची वाटते.

मधासाठी उंच झाडावर चढणारे जेनू कुरुब आदिवासी इथलेच. उंचावरून पडणे असो, दुचाकीचा अपघात असो की हत्तीची धडक, छातीला मुका मार बसतो. बाहेर जखम दिसतेच असे नाही. उताणे निजलेल्या रुग्णाच्या छातीत साठलेली हवा पुढच्या बाजूला जाते आणि साध्या एक्स-रेत निसटू शकते. फुप्फुसाचा चेचलेला भाग त्यात काही तासांनी उमटतो. मुलांच्या बरगड्या लवचीक, म्हणून त्या शाबूत राहूनही आतले फुप्फुस दुखावते. सीटी हे सारे लवकर दाखवते. वेगात आदळल्याने महाधमनीला इजा झाल्याची शंका असेल, तर शिरेतून कॉन्ट्रास्ट द्रव्य देऊन केलेल्या सीटीला पर्याय क्वचितच असतो.

पण मित्रहो, सीटीची खोली म्हणजे पुनरुज्जीवन कक्ष नव्हे. छातीत हवा दाबाने कोंडून रक्तदाब कोसळत असेल, तर निदान हाताने, कानाने करायचे आणि सुई तिथेच घालायची. सीटीची वाट पाहण्यात जीव जातो. उलट, किरकोळ मार लागलेल्या प्रत्येकाला सीटीत घालणेही बरे नाही. छातीच्या एका सीटीत साध्या एक्स-रेच्या कितीतरी पट किरणोत्सर्ग असतो.

इथून म्हैसूर सुमारे 50 किलोमीटर. म्हणजे कुणाला आधी छातीत नळी घालायची, कुणाला सोनोग्राफी करून थांबवायचे आणि कुणाला तातडीने सीटीसाठी पाठवायचे, हा निर्णय लहान रुग्णालयातल्या आपल्यालाच घ्यावा लागतो. तज्ज्ञ पुढे बरेच काही करतील. पण त्यांच्यापर्यंत रुग्ण जिवंत पोचवणे हे आपले काम आहे.

या परिषदेतून प्रत्येकाने आपल्या रुग्णालयासाठी या निर्णयांचा लेखी क्रम तयार करून न्यावा, एवढीच आमची अपेक्षा. आमच्या व्यवस्थेत काही उणे राहिले, तर हक्काने सांगा.