दात्यांच्या बळावर उभे कलादालन

विद्यापीठाचे कलादालन सुरू होते ते बहुधा एका मोठ्या देणगीतून. पण पुढे टिकते आणि वाढते ते अनेकांच्या वर्गणीवर. केंब्रिज विद्यापीठाच्या फिट्झविल्यम संग्रहालयाचा दोनशे वर्षांचा इतिहास याची साक्ष देतो.

रिचर्ड फिट्झविल्यम हे केंब्रिजचेच माजी विद्यार्थी. 1816 मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा आपला चित्रसंग्रह, मुद्राचित्रे, हस्तलिखिते आणि ग्रंथसंग्रह त्यांनी मृत्युपत्राद्वारे विद्यापीठाला दिला. त्यासोबत 1 लाख पौंडही ठेवले. मुद्दल राखून उत्पन्नातून संग्रहालयाची वास्तू उभारावी, अशी त्यांची योजना होती. 1837 मध्ये बांधकाम सुरू झाले आणि 1848 मध्ये इमारत लोकांसाठी खुली झाली. चित्रे देणारे अनेक असतात; चित्रांना छप्पर लागते याचाही विचार फिट्झविल्यम यांनी केला होता.

त्या देणगीने इतरांना वाट दाखवली. 1861 मध्ये कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी चित्रकार टर्नर यांची 25 जलरंगचित्रे संग्रहालयाला दिली. 1908 मध्ये संचालक झालेले सिडनी कॉकरेल यांनी मात्र केवळ धनवंतांकडे पाहिले नाही. 1909 मध्ये त्यांनी ‘फ्रेंड्स ऑफ द फिट्झविल्यम’ हे सभासद मंडळ स्थापन केले. संग्रहालयाच्या पाठीशी उभे राहणारे अशा प्रकारचे ब्रिटनमधील हे पहिले मंडळ होय. सभासदाने वर्षाला ठरावीक वर्गणी द्यायची आणि जमलेल्या रकमेतून संग्रहात नव्या कलाकृतींची भर घालायची, अशी ही साधी व्यवस्था आहे. ज्याला एक चित्रही विकत घेणे परवडत नाही, त्याचाही वाटा त्यामुळे भिंतीवरच्या चित्रात असतो. 2012 मध्ये चित्रकार निकोला पूसाँ यांचे ‘एक्स्ट्रीम अंक्शन’ हे चित्र संग्रहालयाला मिळाले, तेव्हाही मोठ्या अनुदानांच्या जोडीला सामान्य रसिकांच्या देणग्या होत्या. या संग्रहालयात आजही प्रवेश विनामूल्य आहे.

देणगीचे प्रकार वेगवेगळे आणि प्रत्येकाचे काम वेगळे. कलाकृतीच्या देणगीने संग्रह वाढतो. पण तिच्यासोबत नोंदणी, साठवण, जतन आणि विम्याचा खर्चही येतो. स्थायी निधीत मुद्दल हलवत नाहीत, फक्त उत्पन्न खर्च होते. म्हणून त्याचा आधार पिढ्यान्‌पिढ्या पुरतो. ठरावीक कामासाठी दिलेली रक्कम त्याच कामी वापरावी लागते. उलट अट न घातलेली लहान देणगी गळके छप्पर दुरुस्त करते, दमट हवेपासून कागद वाचवते, शाळकरी मुलांच्या भेटीची सोय करते. सभासद वर्गणीचे मोल यातच आहे: ती दरवर्षी येते, त्यामुळे पुढच्या वर्षाचा बेत आखता येतो.

भारतातही या परंपरेचे भक्कम उदाहरण आहे. राय कृष्णदास यांनी वाराणसीत 1920 मध्ये ज्या संस्थेचा पाया घातला, तीच पुढे भारत कला भवन म्हणून नावारूपाला आली. आयुष्यभर वेचून जमवलेली लघुचित्रे, शिल्पे आणि वस्त्रे त्यांनी स्वतःपाशी न ठेवता सार्वजनिक केली. 1950 मध्ये हा संग्रह बनारस हिंदू विद्यापीठात आला आणि विद्यार्थ्यांना मूळ कलाकृतीसमोर उभे राहून शिकता येऊ लागले. छापील पुस्तकात चित्राचा आकार, कागदाचा पोत आणि रंगाचा थर कळत नाही. ते चित्रासमोरच कळते.

पदवी हाती घेणाऱ्या स्नातकाने विद्यापीठाचे ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि कलादालन वापरलेले असते. त्यांतले बरेचसे त्याच्या आधीच्या कोणीतरी देऊन ठेवलेले असते. हे ऋण फेडायला श्रीमंत होण्याची वाट पाहावी लागत नाही. पहिल्या पगारातून भरलेली वर्षाची वर्गणी, वर्षातून एक भेट आणि सोबत नेलेला एक नवा रसिक, एवढ्यानेही आरंभ होतो. प्रत्येक स्नातकाने आपल्या विद्यापीठाच्या कलादालनाचे सभासद व्हावे आणि ते सभासदत्व दरवर्षी न चुकता चालू ठेवावे.