मापात पाप नाही, पण...

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. तराजूची दांडी मारणारा दुकानदार आपल्या आधीच्या पिढ्यांनी पाहिला. आज बंद पुड्यांच्या जमान्यात हे पाप पुष्कळ कमी झाले आहे. पुड्यावर ९० ग्रॅम लिहिले असेल, तर आत बहुधा ९० ग्रॅमच भरतात. प्रश्न वेगळाच आहे. त्याच रंगाच्या, त्याच आकाराच्या दहा रुपयांच्या पुड्यात कालपर्यंत १०० ग्रॅम होते आणि आज ९० झाले, तर ते आपल्या लक्षात कसे येणार? किंमत तीच राहिली. पण दर मात्र शंभर रुपये किलोवरून एकशे अकरा रुपयांवर गेला. कुणी फसवले म्हणावे, तर वजन स्वच्छ छापलेले आहे!

हा प्रश्न समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागेल. आपल्याकडे पायली, अधोली, चिपटे, शेर, छटाक अशी मापे होती आणि एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराशी जुळेलच असे नव्हते. १९५६ च्या कायद्याने देशभर किलो, लिटर आणि मीटर आणले. पुढे माल बंद पुड्यांत येऊ लागला, तेव्हा १९७६ चा वजन-मापांचा कायदा आणि १९७७ चे आवेष्टित वस्तूंचे नियम आले. त्यांची जागा नंतर २००९ च्या वैध मापनशास्त्र कायद्याने आणि २०११ च्या नियमांनी घेतली.

या नियमांना एक परिशिष्ट जोडलेले होते. बिस्किटे, चहा, कॉफी, मीठ, तांदूळ, पीठ, खाद्यतेल, साबण, सिमेंट अशा नित्याच्या वस्तू कोणत्या वजनांतच विकायच्या, हे त्यात ठरवून दिले होते. बिस्किटांचे पुडे २५, ५०, ७५, १०० ग्रॅम अशा टप्प्यांत यायचे. चहा अडीचशे नाहीतर पाचशे ग्रॅम, मनाला येईल तसा २३५ ग्रॅम नव्हे.

यात ग्राहकाचा फायदा काय होता? त्याला हिशेब करावा लागत नसे. चहाचे अडीचशे ग्रॅमचे दोन पुडे शेजारी ठेवले की फक्त किंमत बघायची. ज्याला भागाकार येत नाही, ज्याला बारीक अक्षर दिसत नाही, त्यालाही स्वस्त कोणता आणि महाग कोणता हे कळे.

उत्पादकांचीही एक बाजू आहे आणि ती खोटी नाही. गहू, साखर, तेल महागले की किंमत वाढवावी लागते. पण पाच रुपयांचा पुडा साडेपाच रुपयांना विकायचा तर सुटे पैसे आणायचे कुठून? गिऱ्हाईक खिशातून एकच नाणे काढते. तेव्हा नाणे तेच ठेवून ग्रॅम कमी करणे सोपे. उलटेही घडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा छोट्या पुड्यांची किंमत पैशांत उतरवण्यापेक्षा वजन वाढवण्याचा मार्ग अनेक कंपन्यांनी पत्करला. म्हणजे स्वस्ताई असो वा महागाई, ती आता किमतीत न दिसता ग्रॅममध्ये दिसते.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये अधिसूचना काढून हे परिशिष्टच रद्द केले. युरोपीय संघानेही बहुतेक वस्तूंवरचे असे बंधन २००९ मध्ये उठवले होते. पण तिथे दुकानातल्या फळीवर किलोमागे किंवा लिटरमागे दर लिहिण्याची सक्ती आधीपासून होती. फ्रान्सने तर जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना आणखी एक बंधन घातले. किंमत कमी न करता माल घटवला असेल, तर तसा फलक दोन महिने लावायचा.

आपल्याकडेही परिशिष्ट काढताना त्याच्या बदल्यात एक चांगली गोष्ट देण्यात आली. पुड्यावर छापील किमतीबरोबर एकक विक्री किंमत, म्हणजे प्रत्येक ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा दर, छापायचा. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फळीवर दरपत्रक कोण लावणार? तेव्हा पुड्यावरच दर छापणे हे आपल्या परिस्थितीला धरूनच आहे.

अडचण आहे ती पद्धतीत. माल एक किलोपेक्षा कमी असेल तर दर ग्रॅमचा आणि जास्त असेल तर किलोचा. शिवाय रुपयाच्या दोन दशांश स्थळांपर्यंतच. समजा, एका कंपनीचे अर्धा किलो मीठ १३ रुपयांना आहे आणि दुसरीचे १७ रुपयांना. पहिल्याचा दर ग्रॅमला २.६ पैसे, दुसऱ्याचा ३.४ पैसे. दोन्ही पुड्यांवर छापले जाणार ०.०३ रुपये! किलोमागे आठ रुपयांचा फरक दशांश चिन्हामागे गडप झाला. सरळ किलोचा दर छापला असता, तर २६ आणि ३४ हे आकडे शाळकरी मुलालाही समजले असते. आणि ९०० ग्रॅमच्या पिठाची सव्वा किलोच्या पिठाशी तुलना करायची, तर एकावर ग्रॅमचा दर आणि दुसऱ्यावर किलोचा.

मापाची पद्धत ठरवण्याने किती फरक पडतो, याचे खाद्यतेल हे उदाहरण घ्या. तेल तापले की फुगते. सरकारनेच दिलेल्या माहितीनुसार एक लिटर सोयाबीन तेलाचे वजन २१ अंश सेल्सिअसला ९१९ ग्रॅम, तर ६० अंशांना सुमारे ८९३ ग्रॅम भरते. काही उत्पादक तापमान जास्त धरून ‘एक लिटर’ लिहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने सांगितले की, तापमानाचा उल्लेख न करता लिटर आणि वजन दोन्ही छापा आणि ते एकमेकांशी जुळू द्या. नियम साधा, पण पिशवीमागे पंचवीस ग्रॅम तेलाचा प्रश्न होता.

श्रोतेहो, महिन्याचा किराणा एकदम भरणाऱ्या घराला पाच-दहा ग्रॅमचे फारसे जाणवत नाही. ज्याची मिळकत रोजची आहे, तो तेल, चहा, साबण रोजच्या रोज आणि छोट्याच पुडीत घेतो. पाच आणि दहा रुपयांच्या याच पुड्यांत ग्रॅमची कमी-जास्त सर्वाधिक चालते. म्हणून मागणी दोनच गोष्टींची करावी. दर सर्व पुड्यांवर एकाच मापात, किलोमागे किंवा लिटरमागे छापावा. आणि तो छापील किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत असावा. जुने परिशिष्ट परत आले नाही तरी, त्याने होणारे काम यातून बरेचसे साधेल.

तोवर खरेदी करताना किमतीबरोबर निव्वळ वजनही वाचण्याची सवय लावून घेऊ या. वजन लिहिल्यापेक्षा कमी भरले किंवा छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले, तर वैध मापनशास्त्र विभागाकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पूर्वी गिऱ्हाईक दुकानात तराजूच्या काट्यावर नजर ठेवून उभे असे. आता वजन कारखान्यातच होऊन येते. तेव्हा तीच नजर पुड्याच्या मागच्या बाजूवर ठेवायला हवी.