परत नर्स होशील का?

(१० मार्चला, सावित्रीबाईंच्या स्मृतिदिनी, तुर्भे इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)

मला कवी म्हणून बोलावलंत. पण पोट भरतं ते न्हावा-शेव्याच्या बंदरात कंटेनर आवळून. शिक्षण मॅट्रिक. तेव्हा दवाखान्यातलं शास्त्र मी सांगणार नाही. मजुरीचं सांगतो, ते मला कळतं.

दरसाल १२ मे आला की नर्सच्या हातात गुलाब देतात. कुणीतरी विचारतं, "सिस्टर, परत संधी मिळाली तर नर्सच व्हाल का?" ती हसून हो म्हणते. बाजूला मेट्रन उभी, दुसरं काय म्हणणार? मला सांगा, हा सवाल गोदीतल्या मजुराला कुणी केलाय? गटारात उतरणाऱ्याला केलाय? नाय करत. आम्ही आमचं काम निवडलंय असं त्यांनाही वाटत नाही. नर्सनं मात्र स्वखुशीनं व्रत घेतलंय म्हणे. व्रतवालीनं पगार मागायचा नसतो. गोम इथं आहे.

निवड कुणाची होती? या देशात परक्याचं रक्त, पू, मलमूत्र हाताळणं म्हणजे विटाळ. वरच्या जातींनी आपल्या लेकी त्यापासून लांब ठेवल्या. सुरुवातीला वॉर्डात उभ्या राहिल्या त्यांत मिशनऱ्यांच्या हाताखाली शिकलेल्या ख्रिस्ती पोरी पुष्कळ. मग केरळच्या मुली रेल्वेत बसून आल्या. आजही नवी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गेलात तर मल्याळी सिस्टर भेटेलच. विटाळ इस्पितळात शिरून मेला नाही, त्याच्या पायऱ्या झाल्या. वर डॉक्टर, खाली सिस्टर, त्याखाली मावशी आणि वॉर्डबॉय, तळाला झाडूवाला. तळाला कोण ते मी सांगायला नको, घरी आईला विचारा. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त हेच दाखवलं. जातीत धंदा आवडीनं निवडता येत नाही, तो जन्मानं अंगावर पडतो. आणि जात कामगारांनाच एकमेकांच्या वरखाली बसवते.

मग आपल्या पोरींना नर्सिंग का हवं? ती पायरी चढायला. आईनं मावशी म्हणून बेडपॅन उचललं, पोरगी सलाईन लावते. ही चढण लहान नाही. तिला नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही.

माझी थोरली बहीण अशीच चढली. बापाच्या प्रॉव्हिडंट फंडातून जीएनएमची फी भरली. नोकरी लागली एका खाजगी इस्पितळात. नाव घेत नाही, नाव बदललं तरी गोष्ट तीच. करार अकरा महिन्यांचा. मूळ सर्टिफिकेटं त्यांच्या कपाटात. सोडायचं म्हटलं की बाँडचे पैसे टाक. रात्रपाळीला तीस खाटा आणि ती एकटी. बापजाद्यांची वेठ याहून वेगळी काय होती?

तिला मी विचारलं, "ताई, परत नर्स होशील?"

म्हणाली, "अरे, कामाला कोण कंटाळलंय? माणूस झोपून येतो, चालत घरी जातो, ते मला आवडतं. पण तीस खाटांना मी एकटी, हे परत नको."

साथींनो, हे दोन वेगळे जवाब आहेत. कामाला हो आणि नोकरीला नाही. गुलाबवाल्यांना पहिला तेवढा ऐकायचा असतो.

इस्पितळाचं बिल कधी नीट वाचलंत? त्यात 'नर्सिंग चार्जेस' अशी ओळ असते. पेशंटकडून रोजच्या रोज वसूल. त्यातलं सिस्टरच्या हातात किती पडतं? २९ जानेवारी २०१६ ला सुप्रीम कोर्टानं खाजगी नर्सेसच्या पगारासाठी समिती नेमायला सांगितलं. समितीनं हिशेब मांडला. २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार. १०० ते २०० खाटांना फार तर १० टक्के कमी. ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी. ५० च्या खाली असतील तरी २०,००० च्या खाली जायचं नाही. पण ती शिफारस होती. शिफारशीला दात नसतात. आपापल्या घरच्या सिस्टरची पगाराची स्लिप काढा आणि ताडून बघा.

सरकारी नोकरीत सगळं आलबेल आहे म्हणाल, तर भंडारा आठवा. ९ जानेवारी २०२१. जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला रात्री आग लागली. १० बाळं गेली. वरचे काही निलंबित झाले, काहींच्या बदल्या झाल्या. पुढच्या महिन्यात पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो दोन नर्सेसवर. त्याआधी वर्षभरही झालं नव्हतं, २२ मार्च २०२० ला याच नर्सेससाठी अख्ख्या देशानं थाळ्या वाजवल्या होत्या.

आता गोदीचं ऐका. मुंबई बंदरात पूर्वी टोळीवाला रोज सकाळी बोट दाखवून माणसं उचलायचा. बोट तुझ्याकडे वळलं तर भाकर, नाहीतर उपास. युनियन झगडल्या, १९४८ चा कायदा आला, गोदी कामगाराची नोंद झाली, जहाज नसलं तरी हजेरीचे पैसे मिळू लागले. १९९७ साली दुसरा कायदा करून मोठ्या बंदरांवरून तो उचलायची सोय केली. टोळीवाला एजन्सीचं नाव लावून परत आला. मी त्याच्याच हाताखाली आहे. आता तो दवाखान्याच्या दारात उभा आहे. २०२२ च्या मे-जूनमध्ये राज्यातल्या सरकारी नर्सेस संपावर गेल्या त्या बाहेरच्या एजन्सीतून होणाऱ्या भरतीविरुद्ध. जुलै २०२५ मध्ये कंत्राटी भरती थांबवा म्हणत त्या परत उतरल्या. पेपरवाले लिहितात, रुग्णांचे हाल. एका बाईवर तीस खाटा टाकल्या त्या रात्री रुग्णांचे हाल होत नव्हते काय?

'सेवा' शब्द मला सावित्रीबाईंकडून ऐकायला आवडतो. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन ती माउली यशवंतरावांच्या दवाखान्यात गेली. त्याच प्लेगानं १० मार्चला तिला नेलं. त्या पोराच्या नावानं कुणी नर्सिंग चार्जेस लावले नाहीत. जो बिल लावतो त्यानं सेवा शब्द तोंडात घेऊ नये. त्यानं मजुरी द्यावी.

समोर चार पोरी बसल्यात, यंदा फॉर्म भरणार आहेत. बायांनो, भरा. पण मूळ सर्टिफिकेट कुणाच्या कपाटात ठेवू नका, झेरॉक्स द्या. बाँड वाचल्याशिवाय सही नको, वाचता येत नसेल तर आम्हाला बोलवा. आणि सिस्टर झाल्यावर मावशीला 'ए' म्हणून हाक मारू नका. ती कुणाची तरी आई आहे, बहुतेक आपल्याच वस्तीतली. सिस्टर आणि मावशी एका युनियनमध्ये बसल्या त्या दिवशी मालकाला खरा घाम फुटेल.

आणि आपण पोरं? संप झाला की फाटकाबाहेर आपण दिसलो पाहिजे. बंदरातून सुटलो की मी येतो. तुम्हीही या.

जयभीम!