चोरटा खोकला

(पुण्यातील वसंतातल्या एका व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत आजचा विषय 'करोनाचे पहिले दिवस आणि समाजमन' असा छापला आहे. विषय संयोजकांचा. मी लगेच हो म्हणालो, कारण मला जे बोलायचे असते ते मी कुठल्याही विषयात बसवतो, असा माझा लौकिक आहे. (हशा) इतिहास शिकवण्यात आयुष्य गेले आणि निवृत्तीनंतर कोथरूडमधल्या एका सोसायटीचा सेक्रेटरी झालो. साथीच्या रोगांबद्दल मला जे काही कळले ते बहुतेक या दुसऱ्या, बिनपगारी नोकरीत कळले.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना लवकर निघायचे आहे ते मोकळे. साथीत माणूस रोगाला भितो, ते खरेच. पण रोग झाल्याचे कळल्यावर लोक आपले काय करतील, याला तो कितीतरी जास्त भितो. म्हणून लपतो. आणि तो लपला की साथीचे फावते. एवढेच. पुढचा तासभर मी हेच सांगणार आहे.

वूहान, विमानतळावरचे थर्मामीटर, हात कसे धुवायचे, हे सगळे तुमचे भोगून झाले आहे. ३० जानेवारी २०२० ला देशातला पहिला रुग्ण केरळात निश्चित झाला, तो नमुना तपासला आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने. त्याचा अभिमान बाळगून आपण पुढे जाऊ.

९ मार्च. होळीचा दिवस. दुबईची सहल करून आलेले एक जोडपे नायडू रुग्णालयात, दोघांचेही अहवाल पॉझिटिव्ह. राज्यातले पहिले रुग्ण. पाठोपाठ त्यांची मुलगी, त्यांना मुंबईहून पुण्यात आणणारा टॅक्सीचालक आणि एक सहप्रवासी. सरकारी पत्रकात कुणाचेही नाव नव्हते. फोनवर होते. पुरणपोळी खाऊन हात धुवायच्या आत अख्ख्या पुण्याला ते कोण, कुठले, मुलगी काय करते, सगळे पाठ. नावे पसरवणाऱ्यांवर कारवाई करू, असा इशारा शेवटी प्रशासनाला द्यावा लागला. आमच्या सोसायटीचा ग्रुप मी त्या रात्री वाचत बसलो होतो. 'लक्षणे काय असतात?' असे विचारणारा एकच जण निघाला. बाकी सगळ्यांचा प्रश्न 'राहतात कुठे?'

त्या जोडप्याला घरी सोडले २५ मार्चला, नेमके गुढीपाडव्याला. तोवर देशाला कुलूप लागले होते. पण त्या पंधरवड्यात पुण्यात घरोघरी लोक एक गोष्ट शिकून बसले : आजारी पडलास तर तुझे नाव फिरेल.

आता अफवा. त्यांच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही आणि तुम्हालाही हसायचे असते. कोंबडी खाल्ली की करोना होतो, या एका निरोपाने राज्यातले पोल्ट्रीवाले बुडाले. कोंबडी मातीमोल झाली, आणि हा निरोप पुढे ढकलण्यात आपले शाकाहारी विद्वान आघाडीवर होते. (हशा) चौदा तासांच्या जनता कर्फ्यूत विषाणू उपाशी मरतो. रात्री हेलिकॉप्टरमधून औषध फवारणार आहेत, दोरीवरचे कपडे काढा. आमच्याकडे एका बाईंनी खरेच काढले, शेजारणीचेही काढले, आणि ते परत करताना अंतर कसे राखायचे यावर दोन दिवस चर्चा चालली. रामदास आठवले साहेबांच्या 'गो कोरोना' घोषणेला आपण पोट धरून हसलो. आज वाटते, त्या महिन्यात रोगाला उद्देशून बोललेले ते एकटेच. बाकी आपण सगळे एकमेकांनाच 'गो' म्हणत होतो. (टाळ्या)

अफवा अडाण्यांच्या असतात असे कुणी म्हणाले की मी गोपाळ कृष्ण गोखल्यांचे उदाहरण देतो. १८९७ चा प्लेग, प्लेग अधिकारी रँड, गोऱ्या शिपायांच्या झडत्या, देवघरापर्यंत गेलेले बूट, चापेकर, गणेशखिंड, २२ जून : हे तुम्हाला पाठ आहे, त्यावर चित्रपटही येऊन गेला. गोखले त्या वर्षी वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. आकडा चुकला तर झोप न येणारा माणूस. त्यांना पुण्याहून पत्रे गेली की शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केले. लिहिणारे विश्वासातले. गोखल्यांनी ते 'मँचेस्टर गार्डियन'ला सांगितले. मोठा गहजब झाला, सरकारने पुरावा मागितला, आणि पत्रे लिहिणारे पुढे येईनात. गोखल्यांनी त्यांची नावे उघड केली नाहीत. परत आल्यावर जाहीर माफी मागितली आणि लोकांचे शिव्याशापही स्वतःच घेतले. पुण्यातून परदेशी गेलेला हा पहिला फॉरवर्ड. (हशा) हसा, पण पुढचेही ऐका. पत्रातल्या त्या आरोपाचा पुरावा मिळाला नाही, पण झडत्या खऱ्या होत्या, छावण्या खऱ्या होत्या, घरातून माणूस उचलून नेत होते तेही खरे होते. खऱ्या जुलमाच्या खोडावरच अफवेचे कलम धरते. म्हणून पुण्यातले लोक प्लेगचा रोगी लपवायचे, अंगावरची गाठ लपवायचे. घरच्या माणसाला आपल्या डोळ्यांसमोर मरू देणे त्यांना बरे वाटे, छावणी नको.

त्याच साली, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन ससाणे मळ्यातल्या दवाखान्यात आल्या. दवाखाना त्यांच्या मुलाचा, डॉ. यशवंतांचा. त्या सेवेतच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रोग्याला घराबाहेर काढायचे रँडलाही होते आणि सावित्रीबाईंनाही. फरक न्यायला कोण येतो, यात होता.

पहिल्या रांगेतल्या डॉक्टरसाहेबांची मान हलते आहे, ती मला दिसते. विलगीकरण नको होते का, असेच ना? हवे होते. हवेच होते. मी विलगीकरणाच्या विरुद्ध बोलत नाही, उद्या तसे छापून येऊ नये. मी एवढेच विचारतो : २००९ आठवा. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, एक शाळकरी मुलगी. नंतर काय झाले? नायडूसमोर रांगा लागल्या. तोंडाला रुमाल बांधून लोक 'मला तपासा, माझ्या पोराला तपासा' म्हणत उन्हातान्हात उभे होते. तेच पुणे २०२० मध्ये तपासणीच्या गाडीला बघून दारे लावून घेत होते. अकरा वर्षांत आपण अडाणी झालो? मुळीच नाही. २००९ मध्ये तपासून घेतले तर गोळ्या मिळायच्या. २०२० मध्ये तपासून घेतले तर हातावर शिक्का, गल्लीच्या तोंडाला पत्रे आणि फोनवर नाव. शिवाय १३ मार्चला आपण साथरोगांचा कायदा लागू केला तोही १८९७ चाच, चार कलमांचा!

आता आमच्या सोसायटीचे सांगतो. पाच मिनिटांत आटोपतो.

सोसायटीचे नाव विचारू नका, तिथले तीन सभासद सभागृहात आहेत. (हशा) लॉकडाऊनच्या पहिल्या आठवड्यातली लिफ्ट डोळ्यांसमोर आणा. बटणांच्या शेजारी थर्माकोलचा तुकडा चिकटवलेला, त्यात टूथपिक खोचलेल्या. एक काढायची, बटण दाबायचे, खालच्या डब्यात टाकायची. तिसऱ्या दिवशी टूथपिक संपल्या, तेव्हा वापरलेल्याच परत खोचणारा एक सभासद सापडला. त्याच्यावर जी नोटीस निघाली तिची भाषा रँडलाही जमली नसती. गेटवर टेबल, टेबलापाशी बादली, बादलीत जंतुनाशकाचे पाणी आणि त्यात बुडालेल्या दुधाच्या पिशव्या. वर्तमानपत्र बंद. पुणेकराचे सकाळचे वर्तमानपत्र बंद! कागदावरून विषाणू येतो म्हणून. नंतर सुरू झाले तेव्हा आमचे एक आजोबा इस्त्री फिरवून वाचायचे. कामवाल्या बायकांना बंदी. भाजीवाल्याचे आधी नाव विचारून मग कांदे घेणारेही होते. ते सांगायला मला बरे वाटत नाही, पण वगळायचे कसे?

दुसऱ्या मजल्यावर एक नर्स भाड्याने राहायची. सांगलीकडची मुलगी, एकटी. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता आम्ही सर्वांनी बाल्कनीत उभे राहून तिच्यासाठी, म्हणजे तिच्यासारख्यांसाठी, थाळ्या वाजवल्या. आमच्या खजिनदारांची परात मी अजून विसरलो नाही, वाजवून वाजवून तिला पोचा आला होता. आठवड्याभरात व्हॉट्सॲपवर ठराव आला : सदर भाडेकरूने लिफ्ट वापरू नये, मागच्या जिन्याने ये-जा करावी, शक्यतो अन्यत्र सोय पाहावी. अनुमोदक खजिनदार.

ती काही बोलली नाही. जिन्याने जाऊ-येऊ लागली. मात्र दारावर एक पाटी लावली : 'बेल वाजवल्यास ताप मोजून मिळेल. थाळी वाजवू नये.' (हशा, टाळ्या) पुण्यात दोन वर्षे राहिल्याचा परिणाम. महिन्याअखेरीस हॉस्पिटलने कर्मचाऱ्यांची राहायची सोय केली, तेव्हा ती गेली.

पण मला तिची गोष्ट सांगायची नाही. मला सांगायची आहे तिच्या वरच्या मजल्याची. तिथे दूरदर्शनवरचे रामायण कानठळ्या बसतील एवढ्या आवाजात लागायचे. पुन्हा दाखवत होते, आठवते ना, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. पण यांच्याकडे रामायण संपल्यावरही टीव्ही तसाच, दुपारीही तसाच, बातम्या, जाहिराती, काहीही. तक्रार माझ्याकडे आली. मी गेलो. दार साखळीएवढे उघडले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आवाज कमी करते, पण कृपा करून आत येऊ नका." तेवढ्यात आतून खोकला आला. मी त्या खोकल्याला चांगला ओळखतो. आमच्या सोसायटीत बागेत बसणारा कुणीही ओळखेल. दादांचा दमा, गेली कित्येक वर्षे तोच. करोनाच्या कितीतरी आधीचा.

तो जुना, सर्वांच्या ओळखीचा खोकला ते लपवत होते. कारण धडधाकट नर्सचे काय केले ते त्यांनी जिन्यावरून रोज पाहिले होते. मग खोकणाऱ्याचे काय करतील? डॉक्टरांना फोन केला नव्हता, कारण फोन केला तर गाडी येईल, गाडी आली तर खिडक्या उघडतील. पंप संपत आला होता, औषधाच्या दुकानात जायचे तर गेटवरच्या वहीत कारण लिहावे लागायचे. कारणाच्या रकान्यात वहिनींनी 'साबण' लिहिले होते. वही मी पाहिली. वहिनींना पंपाचे नाव विचारून मी दुकानातून आणून दिला आणि वहीत मीही 'साबण'च लिहिले. त्या आठवड्यात आमची सोसायटी फार स्वच्छ होती. (हशा)

म्हणून मी म्हणतो, १८९७ मध्ये रँड बाहेरून आला होता. २०२० मध्ये तो सर्वसाधारण सभेत बिनविरोध निवडून आला होता. (टाळ्या) अध्यक्ष महाराज हसत नाहीत, ते स्वतः चेअरमन आहेत हे मला माहीत नव्हते. माफ करा. (मोठा हशा)

दहा मिनिटे उरली म्हणून चिठ्ठी आली आहे. म्हणजे मघाचीच पाच मिनिटे अजून चालू आहेत. स्पर्धा परीक्षेची मुले, त्यांची ५ एप्रिलची पुढे ढकललेली परीक्षा, सदाशिव पेठेतून स्वारगेटला लागलेल्या रांगा, हे सगळे टिपणात होते, ते सोडतो. भवानी पेठेबद्दल मात्र बोलायलाच हवे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मध्य पुणे आणि कोंढव्याचा भाग सील झाला, तेव्हा कोथरूडमध्ये आम्ही म्हणत होतो, 'ते लोक ऐकतच नाहीत.' दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे आणि गल्लीत सार्वजनिक संडास. अंतर कुणापासून ठेवायचे, भिंतीपासून? तिथे खोकला लपवायला रामायणसुद्धा पुरत नव्हते. तिथल्या माणसाचे रोजचे काम बुडत होते, वर संशय. आम्हाला नुसता संशय, तरी आम्ही लपलो. मग त्याने काय करायला हवे होते, असे आपण कुठल्या तोंडाने विचारणार?

दुसरी चिठ्ठी श्रोत्यांकडून आहे. 'टीका सोपी आहे, सोसायटीने करायला हवे होते तरी काय?' प्रश्न रास्त आहे, अक्षरावरून निवृत्त बँक अधिकारी वाटतात. सांगतो. पहिल्या नोटिशीत काय बंद ते लिहिण्याआधी, कुणाला ताप आला तर घरच्यांना जेवण कोण देईल, औषध कोण आणील, म्हाताऱ्यांकडे कोण बघेल, हे लिहायला हवे होते. आणि खाली 'कमिटीच्या आदेशावरून' न लिहिता एका माणसाचे नाव आणि फोन नंबर. रात्री दोनला उचलील असा. एवढे असते तर दादांनी दार उघडले असते. नसतेही उघडले कदाचित, दादा हट्टी आहेत. पण वहिनींनी नक्की उघडले असते.

लशीचे राहिले. सीरम इन्स्टिट्यूटचे राहिले, पुण्यात त्याशिवाय कुणी खाली उतरू देत नाही हे ठाऊक आहे. ते पुढच्या वर्षी, बोलावलेत तर. सभागृह साडेआठला रिकामे करून द्यायचे आहे, बाकीच्या चिठ्ठ्या खाली पायऱ्यांवर घेतो. आमच्या तीन सभासदांनी कृपया सर्वांत शेवटी यावे.