एकच पत्र, दोन घरं

कामं आटोपून बसला असाल, तर आज एका जुन्या नाटकाची गंमत ऐका.

विंडसर हे इंग्लंडमधलं थेम्स नदीकाठचं गाव. तिथल्या बायकांवर शेक्सपिअरनं 'मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर' हे नाटक लिहिलं. १६०२ साली ते छापलं गेलं.

त्यात फॉलस्टाफ नावाचा एक सरदार आहे. मान मोठा, पोट त्याहून मोठं आणि खिसा रिकामा. गावातल्या फोर्डबाई आणि पेजबाई खात्यापित्या घरच्या. घरातला पैसा त्यांच्या हातात असतो, हे त्यानं हेरलं आणि दोघींना प्रेमपत्रं धाडली. मजकूर एकच, फक्त नाव वेगळं!

असं पत्र आलं तर आपण काय करू? गुपचूप चुलीत घालू. लोक काय म्हणतील, ही भीती! पण या दोघींनी पत्रं एकमेकींना दाखवली. तिथंच सरदाराचं पितळ उघडं पडलं.

दोघींनी त्याला मुद्दाम घरी बोलावलं, मळक्या कपड्यांच्या टोपलीत कोंबलं आणि गड्यांकडून नदीत फेकलं. गडी पुन्हा आलाच! मग म्हातारीचा वेष देऊन त्याला बाहेर काढलं, तेव्हा फोर्डनं त्या 'म्हातारी'ला काठीनं बडवलं.

हा फोर्ड भारी संशयी. बायकोची परीक्षा घ्यायला त्यानं वेष पालटून सरदारालाच पैसे दिले होते. घरभर शोधाशोध करतो, टोपलीतले कपडे उपसतो, हाती काहीच लागत नाही. लोक त्यालाच हसतात. शेवटी तो बायकोची माफी मागतो.

पेजबाईही सुटत नाहीत बरं का. लेकीसाठी आई एक नवरा ठरवते, बाप दुसरा. लेकीला कुणी विचारत नाही. ती आपल्या पसंतीच्या मुलाशी लग्न करून येते. मग आईबापही हसण्यावारी!

त्या काळी तिथं रंगमंचावर बायकांची कामं मुलगेच करत. तरी सरदाराचा तोरा, नवऱ्याचा संशय, आईबापाचा हट्ट, सगळ्यांना नाटकानं हसत हसत चिमटा काढला.

मला मात्र सगळ्यात मोठी वाटते ती पत्र दाखवण्याची हिंमत. दोघी गप्प राहिल्या असत्या, तर हसला असता तो सरदार. तुम्हालाही कुणी म्हणालं, "ताई, हे फक्त तुम्हालाच सांगतोय, कुठं बोलू नका," तर ते गटात आधी सांगा. कदाचित शेजारणीच्या पिशवीतूनही तेच पत्र निघेल.